कारभारी

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. त्या दिवशी गाइड, रिक्षावाले, मूर्ती विकणारे, कणसं भाजणारे सगळेच मोकळे; म्हणून गावातल्या मोठ्या भानगडी मंगळवारीच ठरतात. जागाही ठरलेली : घृष्णेश्वराच्या वाटेवरचं कारभाऱ्यांचं बेलफुलाचं दुकान. रेशनकार्डावर त्यांचं नाव काही वेगळंच आहे, पण ते आता तलाठ्यालाही आठवत नाही. लग्न असो, तेरावं असो, पंढरपूर असो की काशी, दहा माणसं एका दिशेने निघाली की कारभारी वही घेऊन पुढे. पायजमा, नेहरू शर्ट, खिशात दोन पेनं. निळ्याने जमा लिहायचं, लाल पेन लोकांना नुसतं दिसायला हवं.

माणसं ओळखण्याचं शिक्षण त्यांनी दुकानातच घेतलं. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातले कपडे काढून उघड्या अंगाने जावं लागतं. इस्त्रीचा शर्ट, घड्याळ, मोबाइल, सगळं बाहेर. ते सांभाळायला कारभारी एक पैसा घेत नाहीत. बेलफूल मात्र घ्यावं लागतं. त्यामुळे बाराव्या ज्योतिर्लिंगाच्या दारात त्यांनी देशभरचे कारखानदार, अधिकारी आणि पुढारी उघडे पाहिले आहेत. "शर्ट काढला की सगळ्यांचं पोट सारखंच सुटलेलं असतं," हा त्यांचा सिद्धांत. अडचण एवढीच की दर्शन झालं की लोक शर्ट परत मागतात.

यंदा कारभाऱ्यांनी समुद्र काढला. पाणी म्हणजे टँकर आणि टीएमसी एवढीच ओळख असलेल्या भावकीसमोर त्यांनी एका मंगळवारी मोबाइल धरला. त्यात एक पांढरंशुभ्र, अकरा मजली जहाज होतं. एम्प्रेस. 1990 साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने पाण्यात उतरलेलं, परदेशातले समुद्र हिंडून 2021 पासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या नावावर फिरणारं. मुंबईत चढायचं, गोवा बघायचा, मुंबईत उतरायचं. "माणशी आगाऊ द्या," कारभारी म्हणाले, "बाकीचं मी बघतो." बाकीचं म्हणजे तारीख, तिकिटं, माणसं आणि घरच्यांची परवानगी. यातलं त्या दिवशी काहीही झालेलं नव्हतं. कारभाऱ्यांच्या कारभाराला आमच्या गावात आधार आहे. राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा नवस केला, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने कैलास लेणं वरून खाली कोरायला घेतलं आणि आठवड्यात शिखर दाखवलं, अशी कथा आहे. कारभारीही आधी शिखर दाखवतात. खालचा डोंगर फोडायचं काम मग महिनोन्‌महिने चालतं.

हा डोंगर म्हणजे केबिनवाटप. जहाजावर खोल्यांच्या जाती असतात. आतली, म्हणजे खिडकी नसलेली इंटिरियर, मग खिडकीची, मग बाल्कनीची, आणि सगळ्यांच्या वर स्वीट. पन्नासेक माणसं, चार जाती. त्यातून ही माणसं म्हणजे भावकी आणि सोयरे एकत्र. लग्नात अहेराचं धोतर कुणाचं किती वाराचं, हे तीस वर्षांनीही सांगू शकणारे लोक हे. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या वैजापूरच्या व्याह्यांनी पहिल्याच दिवशी स्वीट सांगून टाकला. थोरल्या आत्यांच्या मुलाने बजेट बघून इंटिरियर घेतली. धाकटे जावई मध्येच खिडकीत अडकले. वयाने सगळ्यांत मोठी बाई सगळ्यांत खाली आणि कालचे सोयरे सगळ्यांत वर. एवढ्यावर आमच्याकडे लग्नं मोडलेली आहेत.

कारभारी घाबरले नाहीत. ते एकेका घरी एकटेच गेले, चहा घेतला, आजूबाजूला पाहून दार लोटलं आणि प्रत्येकाला एक गुपित सांगितलं.

आत्यांना म्हणाले, "आक्का, कुणाला बोलू नका. जहाज हलतं ते वरच्या मजल्यावर आन् टोकाला. खाली, मधोमध, पोटातलं पाणी हलत नाही. वरचे ओकून बेजार होतील. तुमच्यासाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवली." वरचा मजला जास्त हलतो, हे खरंच आहे. कारभारी खोटं कधी बोलत नाहीत; खरं कुणाला किती सांगायचं, ते ठरवतात. आत्या तरी म्हणाल्याच, "आरं पण खिडकी कामून नाही?" कारभाऱ्यांनी बारा नंबरच्या लेण्याकडे हात केला. तीन ताल. तीन मजले, दगडी ओटे, आत अंधाऱ्या खोल्या. "आक्का, मोठमोठे भिक्षू तिथं जन्मभर राहिले. त्यांनी कधी खिडकी मागितली?" आत्या गप्प झाल्या. भिक्षूंना परतीचं तिकीटही नव्हतं, हे त्यांना उशिरा सुचलं.

खिडकीवाल्यांना सांगितलं, "पाणी दिसतं पण काच उघडत नाही, पोरंबाळं असली की हेच बरं." बाल्कनीवाल्यांना सांगितलं, "स्वीट म्हणजे उगाच मोठी खोली. वारा तोच, समुद्र तोच, पैसे मात्र जादा." आणि वैजापूरकरांना सांगितलं, "पाव्हणं, तुमच्यामुळं आमची शान." गंमत अशी की निघायच्या दिवशी पन्नासच्या पन्नास माणसं मनातल्या मनात इतरांची कीव करत होती. एवढी समाधानी भावकी मी आजवर पाहिली नव्हती.

देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठली. आता बॅलार्ड पिअरला भव्य क्रूझ टर्मिनल झालं आहे. 2025 च्या सप्टेंबरात त्याचं उद्‌घाटन झालं. 72 काउंटर, विमानतळासारखा झगमगाट. पण कारभाऱ्यांना आधी नारळ फोडायचा होता. अगरबत्तीसकट पूजेची पिशवी घेऊन ते आत निघाले, तेव्हा सुरक्षारक्षकाने फक्त मान हलवली. कारभाऱ्यांनी हुज्जत घातली नाही. फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांच्या रांगेत दगड शोधला, नारळ फोडला आणि पहिलं खोबरं रक्षकालाच दिलं. पुढे सामान तपासताना घरचं खाणं आत नेता येत नाही असं कळलं, तेव्हा धपाट्यांचे डबे, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा हमालांमध्ये वाटून टाकायचा निर्णयही त्यांचाच. आत्यांनी डोळ्याला पदर लावला. समुद्र अजून दिसलाही नव्हता.

खरा प्रसंग पुढेच होता. स्वीटच्या लोकांना वेगळी रांग असते, हे कारभाऱ्यांच्या गुपितांत कुठेच नव्हतं. वैजापूरचे व्याही आणि विहीणबाई गॉगल लावून दोरीपलीकडे गेले आणि सरळ पुढे निघाले. अलीकडे उरलेल्या रांगेत शांतता पसरली. लग्नाच्या मांडवात जेवणात उणं निघाल्यावर पसरते तसली. जावयांनी गळ्यातला टॉवेल झटकला. आत्या म्हणाल्या, "म्हंजे मान तिकडं आन् सांभाळून घ्यायचं इकडं!"

कारभाऱ्यांनी लाल पेन काढलं, परत ठेवलं, आणि काउंटरवर जाऊन दोन मिनिटं काहीतरी बोलले. परत आले ते चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या पोराला घेऊनच. आत्यांचे गुडघे दुखतात हे खरं, मानाइतके नाही एवढंच. "माझे काय पाय मोडले का?" असं म्हणेपर्यंत त्यांना खुर्चीत बसवलं गेलं. ज्याला चालता येत नाही त्याला आधी सोडायची तिथे रीत आहे. खुर्ची निघाली, मोकळ्या वाटेने गेली आणि स्वीटवाल्या व्याह्यांच्या समोरून पुढे झाली. आत्यांनी जाता जाता विहीणबाईंना हात जोडले. खिडकी नसलेल्या खोलीची मालकीण आमच्यात सगळ्यांत आधी जहाजावर चढली.

जावयांचा प्रश्न उरला होता. कारभाऱ्यांनी आपल्या गळ्यातलं 'टूर प्रमुख' लिहिलेलं कार्ड काढून त्यांच्या गळ्यात घातलं. सगळ्यांच्या बॅगांना मजला आणि खोली लिहिलेल्या चिठ्ठ्या लावायचं काम सोपवलं. त्यानंतर जावयांना आपली केबिन बाल्कनीची नाही, हे आठवायला सवडच झाली नाही. पुढेही ते रात्रंदिवस जिन्यावरून वरखाली करत दुसऱ्यांच्या बॅगा शोधत होते आणि सासरवाडीला प्रथमच आपली किंमत कळली, असं बायकोला सांगत होते.

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना कवायतीला बोलावतात. भोंगा वाजतो, नेमून दिलेल्या जागी उभं राहायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते बघायचं. 1912 साली टायटॅनिक बुडालं तेव्हा तिसऱ्या वर्गातली माणसं पहिल्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त मेली, आणि नौकांत सगळ्यांना पुरेल एवढी जागाच नव्हती. त्यातून 1914 चा 'सोलास' करार झाला. तेव्हापासून जहाजावर माणसं मोजून नौका ठेवतात; स्वीटची वेगळी आणि इंटिरियरची वेगळी अशी नौका नसते. मी हे आत्यांना सांगायला गेलो, तर कारभाऱ्यांनी मला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे बघा, जेवताना आन् बुडताना सगळे सारखे. फरक फक्त झोपायचा. आन् झोपलेल्याला तो कळत नाही." मग त्यांनी वैजापूरच्या व्याह्यांना आणि आत्यांच्या मुलाला एका ओळीत उभं केलं आणि कुणाकडून तरी फोटो काढवला. नेहमीचे चेहरे घेऊन दोघं शेजारी उभे राहिले. गाभाऱ्याबाहेरचा सिद्धांत समुद्रावर सिद्ध झाला, असं कारभाऱ्यांचं तोंड सांगत होतं.

सिद्धांताची परीक्षा मात्र रात्री झाली. इंटिरियरमध्ये उजाडलं की नाही ते कळत नाही. आत्या अंघोळ करून, कुंकू लावून, अकराव्या मजल्यावर सूर्याला अर्घ्य द्यायला निघाल्या, तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि वर नाच चालू होता. त्या तिथेच एका खुर्चीत बसल्या आणि तांबडं फुटेपर्यंत नाच बघत राहिल्या. सकाळी आमचे एक काका कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. जायकवाडीचा जिवंत साठा 76 टीएमसी, हे त्यांना तोंडपाठ. शेवटी त्यांनी जहाजाच्या एका कर्मचाऱ्याला विचारलं, "भाऊ, यात जिवंत साठा किती आसंन?" तो केरळचा होता. तो हसला. काकांना वाटलं, सरकारी माहिती आहे, सांगत नाही.

दुपारपर्यंत वेगळंच चित्र झालं. स्वीटमध्ये व्याही आणि विहीणबाई दोघंच, समोर समुद्र, बोलायला कुणी नाही. खाली इंटिरियरच्या बोळात आमच्या आठ खोल्या शेजारीशेजारी, दारं उघडी, पत्ते पडलेले, पोरं पळतायत. व्याही आधी 'सहज' आले, मग चप्पल काढून बसले, मग रमीत हरले. विहीणबाईंनी आत्यांच्या पलंगावर बैठक मारली. बदल्यात आत्यांनी आपलं धुतलेलं नऊवारी वरच्या स्वीटच्या बाल्कनीत वाळत घातलं. अरबी समुद्रावर ते असं फडकलं, की कर्मचाऱ्याने येऊन अतिशय नम्रपणे ते आत घ्यायला सांगितलं. वेरूळची ती ध्वजा होती, असं काकांचं मत पडलं.

आणि कारभारी? त्यांची केबिन कोणती, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कुणी म्हणे, एवढी माणसं आणली म्हणून त्यांची जागा फुकट. कुणी म्हणे, पोरांच्या खोलीत वरच्या फळीवर. ते कधीही, कुठेही, वही घेऊन उभे दिसायचे. गोव्यात उतरल्यावर सगळ्यांनी चर्च पाहिलं, तेव्हाही ते दारात माणसं मोजत होते.

परत आल्यावर मंगळवारी हिशेब झाला. बेलाच्या टोपलीशेजारी त्यांनी वही उघडली. जमा, खर्च, शिल्लक. 'संकीर्ण' या सदरात एक रक्कम होती, तिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी काही विचारलं नाही. "पुढच्या खेपेला सगळ्यांना एकाच जातीच्या खोल्या घ्या," असं जावई म्हणाले. आत्या म्हणाल्या, "त्या पोराला आन् त्या खुर्चीला आधीच सांगून ठेव."

हिशेब करून मीही एका मताला आलो आहे. मोठा गोतावळा घेऊन जहाजावर जायचं असेल, तर दोनच उपाय आहेत : सगळ्यांना एकाच दराच्या केबिन घ्या, नाहीतर एक कारभारी घ्या. 'संकीर्ण' धरूनही कारभारी स्वस्त पडतो.