गोठ्याचे घर, घोड्याचा मळा

भिवंडी तालुक्यात जुन्या गोठ्याचे पुढे काय होते, याचे उत्तर बहुधा एकच असते: गोदाम. मुंबईत जकात होती आणि इथल्या ग्रामपंचायतींत नव्हती, तेव्हा काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या भातखाचरांत पत्र्याच्या शेड उगवू लागल्या. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली, शेड मात्र वाढतच राहिल्या. अशा मुलखात गोठ्याचे राहते घर करून मागच्या रानात घोडे बांधणाऱ्याकडे गाव कौतुकाने पाहते. दलाल दयेने पाहतो.

इंग्लंडमध्ये शेतातल्या कोठाराचे घर करायला 2014 पासून नियमात खास सवलत आहे. इथे सुरुवात सातबाऱ्यापासून होते, कारण महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा साधारणपणे शेतकरीच असावा लागतो. घोड्याचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही, पण पुढच्या सगळ्या व्यवहारात मालक तोच.

गोठ्याचे खांब आणि वासे बहुतेकदा शाबूत निघतात. दगा देते ती जमीन. वर्षानुवर्षे मुरलेल्या गोमूत्रातले क्षार ओलीबरोबर गिलाव्यातून वर येतात आणि भिंतीला लोणा लागतो. रंग कितीही भारीतला असला तरी पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. गव्हाण तोडायची की ठेवायची, यावर घरात दोन तट पडतात. ती राहते. तिच्यात आधी पुस्तके येतात, मग रद्दी, मग चपला.

घोडे या भागाला अगदीच नवे नाहीत. पोर्तुगीजांविरुद्ध अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे धाव घेतली, मराठ्यांची फौज आली आणि 1739 मध्ये वसई पडली. पुढे फौज गेली आणि तिचे घोडेही गेले. आता घोडा हवा तर दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातले सारंगखेडा गाठावे लागते. तिथे जाणकार आधी अंगावरचे भोवरे पाहतात, मग दात, आणि शेवटी गिऱ्हाइकाचा चेहरा. किंमत ठरते ती तिसऱ्या पाहणीत.

खरे घोडे पेंड खाते ते चाऱ्यापाशी. भिवंडीत मुबलक मिळतो तो भाताचा पेंढा. म्हैस तो रवंथ करून पचवते. घोडा रवंथ करत नाही. त्याचे पोट एककप्पी आणि लहान, आणि खाल्लेले त्याला ओकताही येत नाही. चिवट पेंढा आतड्यात अडकला की पोटशूळ उठतो. जनावर वळून आपल्याच कुशीकडे पाहते, पाय आपटते, लोळू लागते. मग रात्री दोन वाजता पशुवैद्याला फोन जातो आणि तो येईपर्यंत नाइट ड्रेसमधले मालक घोडा धरून गोदामांच्या रस्त्यावर फेऱ्या मारतात. पलीकडचा वॉचमन आधी शिट्टी वाजवतो, मग खुर्ची ओढून बसतो. म्हणून 400 किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो चांगले सुके गवत लागते. ठाणे जिल्ह्यातले गवत एके काळी गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात असे. आता त्या कुरणांवर कंटेनर उभे राहतात, आणि गवत बाहेरून आणावे लागते.

पावसाळा हा स्वतंत्र विषय आहे. चिखलात उभे राहून खुराचा तळ सडतो, म्हणून पागा उंचावर आणि कोरडी हवी. व्यवहारात असे घडते की घरातली सगळ्यात कोरडी खोली घोड्याला मिळते. सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासायला नालबंद लागतो. तो ज्या दिवशी सांगतो त्या दिवशी येत नाही, आणि येतो त्या दिवशी घरी पाहुणे असतात. घोड्याला मान न वळवता जवळजवळ 350 अंशांत दिसते. त्यामुळे मागून येणारा कंटेनर, पुढून येणारा दलाल आणि बाजूला खिशात साखर असलेला पाहुणा, हे तिघे त्याला एकदमच दिसतात. विश्वास तो फक्त तिसऱ्यावर ठेवतो.

चांगली निगा राखली तर घोडा 25 ते 30 वर्षे जगतो. गृहकर्जाची मुदतही साधारण त्याच घरात असते. दोन्ही एकाच वर्षी घेऊ नयेत.