निरगाठ

आमचे हे म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकले. वडिवळ्याचं धरण त्यांना अंगणासारखं. कुंडली नदीत किती जणांना बुडता बुडता बाहेर काढलं, हे आल्यागेल्याला दोनदा तरी सांगून होतं. त्यामुळे लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला लेक-जावयाने केरळात, आलेप्पीला, हाउसबोटीवर एका रात्रीचं बुकिंग केलं तेव्हा मी निर्धास्त होते. हे म्हणाले, "बोटीत बसंन. जेवंन. निजणार न्हाय."

"अहो, पण तुम्ही एवढे पोहणारे..."

"अगं, झोपेत कोण पवतंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मी मालवणची. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 साली. त्याआधी आमचे बाबा मुंबईहून येताना भाऊच्या धक्क्यावर बोट पकडत. डेकवर सतरंजी पसरली की तेवढी जागा आपली, आणि शेजारच्याचा पाय तीवर आला की भांडण आपलं. बाबा म्हणायचे, पाळण्यानंतर तशी झोप बोटीवरच. हे मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुमच्यात मीठ हाय. तुम्ही तरंगता."

मग मी श्रद्धेच्या वाटेने गेले. म्हटलं, मुंबईचे कोळी चैत्रात पालख्या घेऊन आपल्या कार्ल्याला एकवीरेपाशी येतात. दर्यावरच्या माणसांची आई आपल्या डोंगरात बसली आहे, मग आपल्याला भय कसलं? तर म्हणे, "आई त्यांना सांभाळती, कारण ते जागे असत्यात." गळ्यात तुळशीची माळ आहे म्हणून तुकोबांची साक्ष काढली: इंद्रायणीत बुडवलेली गाथा तरलीच ना? ह्यांनी शांतपणे हिशोब मांडला. "ती तेरा दिवसांनी वर आली. माणूस तिसऱ्या दिवशीच येतो."

जावयाने फोनवर लाइफ जॅकेटचा उपाय सुचवला. रंगीत तालीम म्हणून त्याने एक धाडूनही दिलं. एक रात्र हे ते घालून पलंगावर निजले. कुशीवर वळता येईना. बाराला उठून बसले आणि म्हणाले, "ह्यात बुडणार न्हाय, पण मरंन."

शेवटी वाट सापडली ती भातात. आमचं घर इंद्रायणी तांदळाचं, चिखलणी-आवणीशिवाय आषाढ गेल्याचं आठवत नाही. लेकीने पाठवलेल्या माहितीत मला दिसलं की या हाउसबोटी म्हणजे पूर्वीच्या भात वाहणाऱ्या होड्या. केट्टुवळ्ळम म्हणतात. केट्टु म्हणजे बांधलेली, वळ्ळम म्हणजे होडी. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, खिळा मारायचाच नाही. मी मोठ्याने वाचलं. खिळा नाही म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उतरला, पण भात म्हटल्यावर परत वर आला. "किती पोती मावायची?" बोटीबद्दल ह्यांनी विचारलेला तो पहिला सरळ प्रश्न.

नवऱ्याला, किंवा कुणाच्या बायकोला, बोटीवर झोपायला तयार करणाऱ्यांनी सुरक्षिततेचं बोलूच नये असं माझं मत झालं आहे. सुरक्षित आहे असं दहादा सांगितलं की ऐकणारा अकराव्या वेळी विचारतो, मग एवढं सांगतेस कशाला?

आलेप्पीहून होडी कुट्टनाडात पोचल्यावर तर हे बोट विसरलेच. तिथली भातखाचरं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. होडी वरून जाते आणि भात कडेला खाली दिसतो. "आपला बांध पाणी आत धरतो, ह्यांचा पाणी भाईर ठेवतो," असं म्हणत हे कठड्याला रेलून उभे. खाचरातलं पाणी पंपाने उपसून कालव्यात टाकतात हे कळल्यावर त्या अनोळखी शेतकऱ्यांची कीव करण्यात दुपार गेली. मी तोवर करीमीन मासा खाऊन घेतला. माळकऱ्याशी संसार करताना अशा संधी सोडायच्या नसतात.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला होडी काठाला लागली. रात्री मच्छीमारांची जाळी पाण्यात असतात म्हणून हाउसबोटी फिरत नाहीत. मला वाटलं, ही बातमी ऐकून ह्यांना हायसं वाटेल. "म्हंजी रातभर काठालाच? मग काठावरच निजू की!"

होडीवाल्या पोराने दोर नारळाच्या बुंध्याला गुंडाळला आणि तो स्वयंपाकघरात गेला. हे उठले, दोर हाताने ओढून पाहिला आणि पिशवीतून नवंकोरं दावं काढलं. कामशेतच्या बाजारातून आणलेलं, आमच्या गाईसाठी घेतलेलं. वडिवळ्याहून आलेप्पीपर्यंत ते माझ्या साड्यांखाली होतं याचा मला पत्ता नव्हता. "त्या पोरानं सुरगाठ मारलीय. ओढली की सुटली. असं जनावरसुदिक बांधू नये." मग दाव्याचं एक टोक होडीच्या खांबाला, दुसरं दुसऱ्या नारळाला, आणि दोन्हीकडे निरगाठ.

मी काही बोलले नाही. पस्तीस वर्षांत एवढं कळलं आहे की हातात दोर असला की हा माणूस बरा असतो.

रात्री अकराला एकदा, एकला एकदा आणि अडीचला एकदा उठून ह्यांनी गाठ चाचपली. तिसऱ्या वेळी मीही उठले. दोघं अंधारात उभे राहिलो. कुठूनसा इंजिनाचा आवाज आला, पाणी हललं, होडी इतकीशी सरकली आणि दावं ताणलं. "बघ," हे म्हणाले, "धरून हाय." मग आत येऊन जे घोरायला लागले ते साडेसातपर्यंत.

सकाळी होडी सुटेना. पोराने गाठीला नखं लावली, मग चमच्याचं टोक लावलं, मग कोयता आणला. ह्यांनी त्याच्या हातातला कोयता काढून घेतला. दावं एकशेवीस रुपयांचं होतं. शेवटी स्वतः खाली बसून दातांनी गाठ सैल केली आणि आम्ही पाऊण तास उशिरा निघालो.