बीडीएस प्रथम वर्ष : उद्देश, साहित्य, कृती, अनुमान

उद्देश

दंतवैद्यकाची पदवी चार वर्षांची असून त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते. पैकी पहिल्या वर्षाचा उद्देश भावी दंतवैद्याला रुग्णाच्या तोंडापासून शक्य तितके दूर ठेवणे हा होय. वर्षअखेर तीन विषयांची परीक्षा होते : शरीररचनाशास्त्र; शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र; आणि दातांची रचना, भ्रूणविज्ञान व मुख-ऊतिशास्त्र यांचा मिळून तिसरा. पहिल्या दोन विषयांत दात शोधावे लागतात, तिसऱ्यात दातांखेरीज फारसे काही सापडत नाही. डेंटल मटेरियल्स आणि प्रीक्लिनिकल प्रोस्थो (कृत्रिम दात बनवण्याचा सराव) यांची परीक्षा दुसऱ्या वर्षी असते. काम मात्र पहिल्याच वर्षी सुरू होते, कारण विद्यार्थ्याला रविवार मोकळा मिळू नये.

साहित्य

पांढरा एप्रन (सोमवारपुरता पांढरा); मेणाचे ब्लॉक, लागतील तितके, म्हणजे वाटतात त्याच्या दुप्पट; लेक्रॉन कार्व्हर, वॅक्स नाइफ, स्पिरिट लॅम्प; रबरी वाडगा, स्पॅच्युला, प्लास्टर; गुलाबी आणि जांभळी पेन्सिल; सीनिअरकडून आलेला हाडांचा संच; आणि काढलेले खरे दात.

शेवटची वस्तू बाजारात मागू नये. गावाकडच्या दंतवैद्यांकडे झाकणाची बरणी ठेवून यावी, महिन्याने परत न्यावी, व हात लावण्यापूर्वी दात निर्जंतुक करून घ्यावेत. बरणीत अक्कलदाढा भरपूर निघतात. तारा बसवण्यापूर्वी उपदाढा काढण्याची पद्धत असल्याने त्याही मिळतात. वरचा सुळा मात्र दुर्मिळ. त्याचे मूळ सर्व दातांत लांब, त्यामुळे तो सहसा सर्वांत शेवटी तोंड सोडतो. ज्याच्याकडे अखंड सुळा आहे, त्याच्याशी वर्षभर मैत्री टिकवावी.

कृती

१. सकाळी लेक्चरला वेळेवर बसावे. ७५ टक्के हजेरीखाली परीक्षेला बसता येत नाही. झोप लागल्यास हजेरीनंतर लागावी.

२. शवविच्छेदनाच्या दालनात फॉर्मॅलिनने डोळ्यांतून पाणी येते, ते विषयाच्या आवाक्यामुळे आले असे समजू नये. देहदात्याविषयी आदर बाळगावा व थट्टा दालनाबाहेर करावी. चौरसियांच्या पुस्तकातील डोके-मानेचा भाग उशाशी ठेवावा. मस्तिष्क चेता एकूण बारा, त्यांतील पाचवी दंतवैद्याची कुलदेवता. तिच्या तिन्ही शाखा झोपेतही सांगता याव्यात, कारण व्हायव्हात विद्यार्थी साधारण त्याच अवस्थेत असतो.

३. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात रक्त स्वतःच्या बोटाचे घ्यावे लागते. साहलीच्या पद्धतीत रक्त आम्लात घातल्यावर तपकिरी रंग येतो. त्यात थेंब थेंब पाणी घालून तो प्रमाण रंगाशी जुळवायचा असतो. वर्गातील बहुतेकांचे हिमोग्लोबिन शेजारच्या वहीशी जुळते.

४. कार्व्हिंग. संपूर्ण वर्षाचे सार या कृतीत असल्याने ती सावकाश करावी. प्रथम ब्लॉकवर दाताची समोरची आकृती काढून बाजूचे मेण उतरवावे. मग बाजूची आकृती काढून पुढचे-मागचे उतरवावे. शेवटी कोपरे गोलावावेत. येथवर दात दातासारखा दिसतो व विद्यार्थी फोटो काढून घरी पाठवतो. यानंतर तो शिक्षकांना दाखवावा. नोंदणीच्या पद्धतीत वरचा उजवा मधला पटाशीचा दात ११ आणि डावा २१. दोहोंतला फरक मुख्यतः एका कोपऱ्याचा : मध्यरेषेकडचा कोपरा टोकदार, दूरचा गोलसर. कोरायला दिलेला ११ पूर्ण झाल्यावर २१ निघणे हा प्रथम वर्षाचा सर्वसामान्य अनुभव आहे. त्यावर शिक्षक काही बोलत नाहीत, ब्लॉक मोडून परत देतात.

दाढांकडे वळल्यावर ११ ची आठवण गोड वाटू लागते. खालच्या पहिल्या दाढेला पाच उंचवटे असतात. विद्यार्थ्याकडून चार किंवा सहा होतात. वरच्या पहिल्या दाढेच्या टाळूकडील बाजूस काही लोकांत काराबेलीचा एक लहानसा जादा उंचवटा आढळतो. चुकून राहिलेले मेण याच नावाने खपवता येते. हा उपाय एका दाढेपुरताच आहे, सुळ्यावर वापरू नये.

५. जर्नल. ऊतींच्या आकृत्या गुलाबी आणि जांभळ्या रंगांत काढाव्यात, कारण हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांनी रंगवलेल्या काचपट्टीवर जग तेवढेच असते. इनॅमल ही शरीरातील सर्वांत कठीण ऊती, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण दात कापता यावा म्हणून आम्लाने मऊ करताना ती पूर्ण विरघळते. म्हणून तेथे कोरा कागद सोडावा, त्याला बाण काढावा व बाणाशी ‘इनॅमल स्पेस’ लिहावे. काहीच न काढल्याबद्दल सही मिळण्याची ही वर्षातील एकमेव संधी.

६. प्लास्टर कालवताना पाण्यात पावडर घालावी, पावडरीत पाणी नव्हे. बुडबुडे आल्यास साचा पुन्हा करावा. उरलेले प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नये. ते पाइपातही तितकेच उत्तम घट्ट होते.

निरीक्षण

तिसऱ्या महिन्यापासून विद्यार्थी समोरच्याचे बोलणे न ऐकता त्याचे दात पाहू लागतो. याच सुमारास घरच्या लग्नात मावशी आ करून म्हणते, “बघ रे, इथं ठणकतंय.” विद्यार्थ्याने अजून एकाही रुग्णाला हात लावलेला नसतो. त्याने दाढेचा क्रमांक गंभीरपणे सांगावा आणि दवाखान्यात जायला सांगावे. दोन्ही गोष्टी बरोबर असतात. “एमबीबीएसला नंबर नाही लागला का?” या प्रश्नासाठी तोंडात जिलबी ठेवावी.

अनुमान

वर्षभर कोरलेले दात परीक्षेनंतर टाकले जातात. जर्नल ज्युनिअर नेतो, हाडे त्याच्यामागून जातात. विद्यार्थ्याजवळ उरतो तो उंचवटा कुठे संपतो आणि खाच कुठे सुरू होते हे ओळखणारा डोळा, आणि तेवढेच उतरवून थांबणारा हात. पुढे दाढेत सिमेंट भरताना तोच उंचवटा त्याच जागी घडवावा लागतो. तो चुकला तर रुग्ण “उंच लागतंय” म्हणतो, आणि तेव्हा नवा ब्लॉक मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मोडलेल्या ब्लॉकचा राग धरू नये. स्टोअर बंद होण्यापूर्वी दुसरा घ्यावा.