संकल्पना, संशोधन आणि दिग्दर्शन : सर

पनवेलजवळच्या आमच्या कोनला ढोल-ताशा पथक आहे हे फाट्यापर्यंत ऐकू येतं. पण पथकाला ‘संकल्पना’ आहे, हे सरांनीच सांगावं लागतं.

सर मास्तर वगैरे नाहीत. मूळचे लालबागचे. 2016 साली गिरणी कामगारांसाठी कोनच्या 2417 घरांची सोडत निघाली, त्यातलं एक त्यांच्या वडिलांना लागलं. किल्ली मिळायला इतकी वर्षं गेली, की तोवर सरांच्या डोक्यात कला पिकली. आल्या आल्या त्यांनी आमचं वाजवणं ऐकलं आणि हळहळून म्हणाले, “ताकद आहे, पण आशय नाही.”

त्याआधी आम्ही नुसतं वाजवत होतो. पान ताणायचं, ढोल कमरेला बांधायचा, एका हातात टिपरू, आणि ताशाची तर्री सुटली की अंगात येईल तसं. (माझ्याकडे हल्ली टोल असतो. कमरेने ढोल नाकारला.)

सरांचं दैवत अमेरिकेत. तिथे 1972 पासून ड्रम कोअर नावाच्या वाद्यपथकांची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि शंभरातले चाळीस गुण ‘जनरल इफेक्ट’ला असतात. हे कळल्यापासून सर ठेक्याकडे जरा दयेनेच बघतात. “ठोका बरोबर पडणं ही कारागिरी झाली,” ते म्हणतात, “इफेक्ट कुठाय?” एवढं म्हणून गळ्यातला मफलर सारखा करतात. पनवेलच्या मे महिन्यातसुद्धा.

गेल्या वर्षी स्थिरवादनाच्या स्पर्धेत आमचा विषय होता ‘धागा : एक अनुपस्थिती’. सोबत तीन पानी टिपण, परीक्षकांना वाटायला. पहिली चार मिनिटं कुणी काही वाजवायचं नाही. तीस ढोलवाले प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेले, ध्वजवाल्या मुली पांढरं कापड हळूहळू उलगडतायत. तो गिरणी कामगारांचा संप होता म्हणे. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी नातवाला विचारलं, “यांचे ढोल फुटले का काय रं?”

तिसऱ्या मिनिटाला आमच्या ताशावाल्या पोराचा धीर सुटला. त्याने काड्या उचलल्या आणि अशी तर्री सोडली, की मैदान उठून उभं राहिलं. मग कसला संप आणि कसला धागा! तीसही ढोल वळले आणि आम्ही गावाकडचं जे येतं ते वाजवलं. आजी नाचल्या.

मला वाटलं, पोराची आता खैर नाही. पण सर परीक्षकांना शांतपणे सांगत होते, “हा उद्रेक संहितेत होताच.” एक जुने परीक्षक म्हणाले, “ते ठीक, पण पाच ठोक्यांतला शेवटचा ठोका मागे पडतो.” सर म्हणाले, “कामगारही मागेच पडला, साहेब.” परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं.

बक्षीस मिळालं ते उत्कृष्ट ताशावादनाचं. चषकासोबतच्या फोटोत पोरगा कडेला आहे, मधोमध मफलर.

तरी सरांना काढा असं पथकात कुणी म्हणत नाही. पावसाळ्यात ढोल कुठे ठेवायचे ते सरच बघतात, वर्गणीला दारोदार तेच फिरतात आणि सरावानंतरचा वडापाव त्यांच्या खिशातून येतो. इतकी कला आम्ही सोसू शकतो.

यंदाची संकल्पना ‘मौन’ आहे. त्यासाठी वीस ढोल वाढवलेत. सराव रोज संध्याकाळी सात ते नऊ. कोन-सावळा रस्त्यालगतच्या रहिवाशांनी तेवढा वेळ खिडक्या लावून घ्याव्यात, ही नम्र विनंती.