भरतीची वेळ

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, तेव्हापासून आमच्या एडवणच्या बाजूला लग्नाची स्थळं दोनच प्रकारची: ‘अणुशक्तीत आहे’ आणि बाकीची. बोईसरच्या एमआयडीसीत पर्मनंट असलेला मुलगा मधे कुठेतरी बसतो. मी डिजिटल कम्युनिकेशनमध्ये आहे. मी बसतच नाही.

सुरुवात सफाळ्याला, रिचार्जच्या दुकानात. दहा रुपये टाकले तर बोलायला पूर्ण दहाचे का मिळत नाहीत, हे मी निम्म्या तालुक्याला समजावलं असेल. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं. लोकांना सगळ्यांशी फुकट बोलता यायला लागलं आणि माझ्याशी बोलायचं कुणालाच कारण उरलं नाही.

मग केळव्याला एका रिसॉर्टचं काउंटर. शनिवारी मुंबईहून आलेली मंडळी बॅगा टेकवायच्या आत विचारत, “समुद्र किती वाजता असतो?” हसायचं नाही, हा नोकरीचा पहिला नियम. उत्तर मला पाठ होतं. किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा: अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, पुढे तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता. पाहुणे मोबाईलमध्ये खात्री करून घेत आणि मग माझ्याकडे भटजीकडे पाहावं तसं पाहत.

तिथून अंधेरीची एजन्सी. मुलाखतीत विचारलं, “चिडलेल्या लोकांना हाताळायचा अनुभव?” म्हटलं, सकाळची डहाणू लोकल सफाळ्याला पकडतो. बोईसर-पालघरहून बसून आलेल्या तिघांना ‘जरा सरकता का’ म्हणून चौथी सीट मिळवतो. समोरचे गृहस्थ वांद्र्याला राहणारे. त्यांना काही कळलं नाही, पण बाई विरारच्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे मला घेतलं.

घरी आत्याने उलटतपासणी घेतली.

“म्हणजे करतोस काय?”

“कंपन्यांच्या वतीने लोकांच्या तक्रारींना उत्तरं देतो. इन्स्टाग्रामवर.”

“त्यांचे पैसे परत देतोस?”

“नाही. सॉरी म्हणतो.”

आशापुरी देवीच्या देवळात तिने जाहीर केलं, “मोबाईलच्या दुकानातच आहे, पण मोठ्या.” माझ्या पदाचं इतकं नेमकं वर्णन एचआरलाही जमलेलं नाही.

माझं खरं वजन वाढलं ते समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या खात्यामुळे. साहेबांनी कंटेंट कॅलेंडर आखलं: दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता रील, जोडपं चहा पितंय, मागे उसळत्या लाटा. मी म्हटलं, पाचच्या पुढेमागे भरती हवी तर सप्तमी गाठावी लागेल. आणि सप्तमीला भांगाची भरती. पाणी येतं, पण उसळत वगैरे नाही. उधाण हवं तर पौर्णिमेला भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर ऊन घेऊन चहा प्यावा लागेल. साहेब म्हणाले, “क्लायंटशी बोलून ॲडजस्ट होईल का?” मी म्हटलं, क्लायंटचं होईल.

पहिल्या शनिवारी होती द्वादशी. कॅमेरामन, जोडपं, चहा, सगळे वेळेवर. समोर दूरपर्यंत चिखल आणि त्यात तंगडी वर करून बसलेलं कुत्रं. रील तरीही टाकलं. कुत्र्याला जोडप्यापेक्षा जास्त लाइक्स मिळाले.

आता ऑफिसात भिंतीवर कालनिर्णय टांगलंय. त्याचं बिल अकाउंट्सने ‘सॉफ्टवेअर’ या खात्यात टाकलं आहे.