तेल की करंट?

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून गाडी उभी दिसली की काही माणसांचे पाय आपोआप तिकडे वळतात. मदतीला धावणारे निराळे. हे निदानाला जातात. शिरूरच्या अण्णांना या जमातीत मानाचं पान, कारण त्यांना बॉनेट उघडावंही लागत नाही. टपरीवर बसल्या जागी, बशीतला चहा न सांडता, लांबून येणारा आवाज ऐकून ते निकाल देतात, "कार्बोरेटर."

"अण्णा, तो डिझेलचा टेम्पो आहे. त्याला कार्बोरेटर नसतो."

"मग त्याचंच दुखणं आहे ते."

अण्णांचं घराणंच असं. १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगरच्या दरम्यान पहिली एसटी धावली. बेडफर्डची होती आणि शिरूरवरूनच गेली. तिच्या रेडिएटरमध्ये पाणी आपल्या वडिलांनी ओतलं, असं अण्णा छातीठोकपणे सांगतात. त्या दिवशी पाणी ओतणारे वडील शिरूरमध्ये इतके निघतात की रेडिएटर होता की विहीर, असा प्रश्न पडतो. पण अण्णांना तसं विचारायचं कुणी?

काळ मात्र अण्णांच्या विरुद्ध गेला. आधी ट्रक डिझेलवर गेले, मग मोटारी इंजेक्शनवर गेल्या. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहा आलं आणि जवळजवळ सगळ्या नव्या मोटारसायकलींचाही कार्बोरेटर गेला. त्या दिवशी देश लॉकडाउनमुळे घरात बसला होता. अण्णा म्हणतात, सरकारनं मुद्दाम तीच वेळ साधली.

आता त्यांच्या हाताशी एकच रोगी उरलाय, तो म्हणजे शिरूरातला जुना फार्गो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातला. डॉज, डिसोटो, फार्गो अशा तीन पाट्या, आत ट्रक एकच. १९५४ पासून टाटा-मर्सिडीझचे डिझेल ट्रक आले, तेव्हा शहाण्यांनी आपापल्या फार्गोला पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. या फार्गोच्या मालकांचे वडील शहाण्यांत मोडत नसावेत. त्यांनी सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन तसंच ठेवलं आणि केडगाव, राहूकडच्या गुऱ्हाळांचा गूळ त्यावर वाहिला. हल्ली तो नवरदेव वाहतो. झेंडूच्या माळा घालून वरातीत उभा राहिला की नवरदेवाकडे कुणी बघत नाही.

दुखणं असं की, गार असताना ट्रक पहिल्या हँडलला सुरू होतो. न्हावरा ओलांडतो, पारगावला भीमेचा पूल ओलांडतो आणि चौफुल्याला आला की दोन आचके देऊन बंद पडतो. तास-दीड तासानं काही न करता सुरू होतो आणि दौंडपर्यंत गुणी बाळासारखा जातो.

अण्णांनी सतरंजी अंथरून कार्बोरेटर खोलला. हा सोहळा बघण्यासारखा असतो. एरवी माणसांवर खेकसणारे अण्णा फ्लोट हातात घेतला की हळू आवाजात बोलू लागतात. "वजनात एक भाग पेट्रोल, पंधरा भाग हवा. गळा अरुंद, म्हणून तिथं हवेचा वेग वाढतो, दाब पडतो, आणि जेटमधून पेट्रोल आपण होऊन वर येतं. कुणी ढकलत नाही, बरं का!" जेटमध्ये तार घालणाऱ्या फिटरला ते खुनी समजतात, कारण पितळेचं भोक एकदा वाढलं की ट्रक आयुष्यभर पेट्रोल पीत सुटतो. ते स्वतः घोड्याच्या शेपटीचा केस वापरतात. इंग्रजांच्या घोडदळाची छावणी शिरूरला एवढ्यासाठीच असावी, असं त्यांच्याकडे बघून वाटतं. आता केसासाठी वरातीतल्या घोडीवर भिस्त आहे. घोडीवाले अण्णांना पाहिलं की घोडीचं तोंड त्यांच्याकडे आणि शेपूट भिंतीकडे करतात.

सगळं साफ झालं, प्लग बिस्किटी रंगावर आले, आणि ट्रक चौफुल्याला बंद पडला.

मग दौंडचे मामा आले. मामा रेल्वेतून निवृत्त. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्याचा खेळ दौंड स्टेशनात वर्षानुवर्षं चालला. तो बघत नोकरी झाल्यामुळे कुठलीही गोष्ट उलट्या बाजूनं सुरू करायची, हा मामांचा स्वभाव. अण्णा तेल म्हणाले की मामा करंट म्हणणार.

"कन्डेन्सर आहे. गरम झाला की दम सोडतो, गार झाला की सुधारतो. तुमच्या अण्णांना म्हणावं, केस विंचरत बसा."

लक्षणाला हेही चपखल बसत होतं. कन्डेन्सर बदलला, पॉइंट घासले. ट्रक चौफुल्याला बंद पडला. यानंतर दोघांचे फोन वाढले. एरवी वर्षात सोयरिकीपुरतं बोलणारी माणसं दिवसातून दोनदा एकमेकांना मूर्ख ठरवू लागली आणि दोघांच्याही तब्येती सुधारल्या.

निदान करणारं तिसरं माणूस म्हणजे मालकीणबाई. त्यांना जेट, पॉइंट काही कळत नाही. चौफुल्याला कलाकेंद्रं आहेत, एवढं कळतं. "न्हावऱ्याला बंद पडत नाही, पाटसला बंद पडत नाही. तिथंच बरी पडते?" ड्रायव्हर म्हणाला, "वयनी, तिथवर जाईस्तोवर इंजिन तापतं." वयनी म्हणाल्या, "इंजिनच ना?"

शेवटी एका पोरसवदा मिस्त्रीनं पेट्रोल ओढणारा एसी पंप उघडला. आतला रबरी पडदा फुगून लिबलिबीत झाला होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. त्यातून पंप इंजिनाला चिकटलेला. उन्हात आतल्या पेट्रोलची वाफ झाली की दमलेला पडदा वाफच हलवत बसायचा. ज्या उसाच्या गुळावर ट्रक जगला, तोच ऊस इथेनॉल होऊन त्याच्या पोटात गेला होता. पोरानं नव्या रबराचा पडदा बसवला, पंपावर ओलं गोणपाट टाकलं आणि ट्रक चौफुल्यावरून न थांबता निघून गेला.

खरं तर पंप म्हणजे तेलाची बाजू, तेव्हा अण्णा जिंकले. पण अण्णांना ते मान्य नाही. "पंप म्हणजे कार्बोरेटर नव्हे," असं म्हणून त्यांनी विजय परत केला. मामा मात्र तयारच होते. "पंप फिरवतो कोण? कॅमशाफ्ट. डिस्ट्रिब्युटर फिरवतो कोण? कॅमशाफ्ट. म्हणजे भाऊबंदच की!" महिनाभर फोन थंडावले. अण्णा टपरीवर गप्प बसू लागले, चहात साखर कमी आहे म्हणू लागले. ड्रायव्हरची उदासी तर कुणाला बघवेना.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच तिथीला दौंडची वरात होती. संध्याकाळी ड्रायव्हरचा मालकांना फोन आला. आवाजात फार दिवसांनी उत्साह होता. "मालक, गाडी पुन्हा बंद पडली. अण्णांना पाठवा."

मालकीणबाईंनी फोन हातातून घेतला.

"आज कुठली पार्टी बसलीय रे तिथं?"