लांबण

वस्तू जिथं ठेवलेली असते तिथं बसून ती वापरायची, ही गोष्ट उंबरमाळीच्या तात्यांना जन्मात पटलेली नाही. रेडिओ माजघरात, तर त्याचा कर्णा गोठ्यात. न्हाणीतल्या दिव्याचं बटण ओटीवर, त्यामुळे अंगाला साबण फासून उभ्या राहिलेल्या पाहुण्याला कधीकधी अंधारातून आरोळी ठोकावी लागते. पंखा तात्यांच्या डोक्यावर आणि त्याचा रेग्युलेटर काकूंच्या उशाशी. ही एकच लांबण काकूंनी स्वतःहून मागून घेतली.

असे लोक गावोगाव असतात. दुसऱ्याच्या घरी गेले की यांचं लक्ष चहाकडे नसतं, भिंतीकडे असतं. "हा बोर्ड इथं कोणी बसवला?" असं म्हणत ते उठतात आणि यजमान मनातून घाबरतो. तात्यांच्या खिशाला पेनाशेजारी टेस्टर असतो. लग्नाच्या सदऱ्यालाही असतो.

त्यांची हयात रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. नोकरीची सुरुवात आडबाजूच्या एका शाखेवर झाली, तिथं अजून तारेचे सिग्नल होते. केबिनमध्ये माणूस लिव्हर ओढायचा, रुळांच्या कडेनं लहान लहान चाकांवरून गेलेली तार ताणली जायची आणि तिकडे लांब सिग्नल पडायचा. उन्हात तार तापून सैल पडते, थंडीत आखडते, तेव्हा ती सारखी करत बसायचं. पुढे सगळीकडे रंगीत दिवे आले, बदल्या होत होत तात्या निवृत्त होऊन घरी आले. पण इकडे ओढायचं आणि तिकडे हलायचं, ही जी चटक लागली ती लागलीच.

अशा माणसाच्या घरात पुतण्यानं कल्याणहून जुना काँप्युटर आणून ठेवला.

आता उंबरमाळीचा पाऊस. खर्डीच्या पुढे, कसारा घाटाच्या पायथ्याला गाव. जुलैत तो वरून येत नाही, आडवा येतो. 2021 च्या जुलैत तर स्टेशनातलं पाणी फलाटाच्या कडेला येऊन टेकलं होतं. तेव्हा काँप्युटरचा डबा ओटीवर ठेवायची सोय नाही. त्याची जागा माजघरातल्या उंच फळीवर, तांदळाच्या कणगीच्या वर, हे एकमतानं ठरलं. पण माजघरात वारा नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि मुख्य म्हणजे तात्या काँप्युटरवर बसलेत हे बघायला रस्त्यानं जाणारं माणूस नाही. म्हणून डबा आत, आणि पडदा व कीबोर्ड बाहेर ओटीवर.

"पडदाही आतच ठेवला तर?" मी विचारलं.

"भातसा धरण कुठल्या तालुक्यात? तानसा कुठल्या? आपल्या शहापूरच्या! आणि नळ कुठं? मुंबईत!" तात्या म्हणाले. "1892 पासून तानसाचं पाणी तिकडे चाललंय. त्यांनी एवढी लांबण लावली ती चालते, आणि आमची पंधरा मीटरची वायर तुमच्या डोळ्यांत खुपते होय?"

उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यापाड्यांतून हंडे टँकरची वाट बघत रांगेत असतात. तात्यांच्या आवाजात मात्र कडवटपणा नव्हता. एका कसबी माणसानं दुसऱ्याच्या कामाला दिलेली दाद होती ती.

पहिली वायर निळ्या टोकाची, पंधरा पिनांची. पडद्यावर चित्र आलं, पण प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला त्याचं फिकट भूत उभं. स्वस्तातल्या लांब वायरीत सिग्नल टोकाला आपटून परततो आणि पुन्हा येतो, तो उशिरा येणारा भाग सावलीसारखा दिसतो. हे तात्यांनी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करून घ्यायला आलेल्या एका म्हातारीला समजावून सांगितलं. "आजी, नाव दोनदा दिसतंय, पण छापलं एकदाच जाईल." आजींनी हरकत घेतली नाही. दोनदा छापलं तर पैसे दोनदा मिळतील का, एवढंच विचारलं.

कीबोर्ड जुना, जांभळ्या गोल पिनेचा, होता तोवर बिचारा लांबवर मुकाट चालला. तो उंदरानं खाल्ला. नवा यूएसबीचा आणला तर दहा मीटरवर त्यानं मानच टाकली. यूएसबीची साधी वायर पाच मीटरच्या पुढे न्यायची नाही असा नियम आहे. तात्यांना तो ठाऊक होता, फक्त आपल्याला लागू नाही असं वाटत होतं.

मग आले दोन छोटे डबे. एक काँप्युटरपाशी, एक पडद्यापाशी, मधे नेटवर्कची एकच वायर. चित्र तिच्यातूनच येतं आणि टाइप केलेलं तिच्यातूनच आत जातं. ती वायर तात्यांनी स्वतः ओवली. नाकावर चष्मा, तोंडात टॉर्च, आणि बोटांच्या चिमटीत भाताच्या काडीएवढ्या आठ तारा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... जप चालावा तसं चाललं होतं. तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात, म्हणजे बाहेरचा खरखराट दोन्हींना सारखाच लागतो आणि वजा होऊन जातो. "टेलिफोनवाल्या बेलची युक्ती," टॉर्च काढून तात्या म्हणाले, "1881 चं पेटंट आहे!" आणि टॉर्च परत तोंडात.

चित्र आलं, अक्षर टाइप झालं. फक्त काँप्युटर चालू करायचं बटण माजघरातच राहिलं. रोज सकाळी तात्या ओटीवर बसून हाक मारायचे, "अहो, दाबा!" आणि काकू चुलीपुढून उठून, स्टुलावर चढून, फळीवरचं बटण दाबायच्या. काही दिवसांनी काकूंनी विचारलं, "या एवढ्या वायरींपेक्षा मीच लांब पडते का हो तुम्हाला?"

हा घाव तात्यांच्या वर्मी बसला. त्यांनी डबा उघडला. आतलं बटण म्हणजे दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना चिकटवणं, बाकी काही नाही. दाराच्या बेलचं बटणही तेच करतं. तात्यांनी दोन तारा बाहेर आणून दाराच्या चौकटीवर पांढरं शुभ्र बेलचं बटण बसवलं. ते दाबलं की आत काँप्युटर सुरू. सगळ्या लांबणीत याच्यासारखं देखणं काम नव्हतं.

पण चौकटीवर बेलचं बटण दिसल्यावर माणूस काय करतो? चालू काँप्युटरचं बटण एकदा दाबलं की तो शहाण्यासारखा बंद व्हायला लागतो. पोस्टमननं दाबलं, एक अर्ज गेला. टँकरचं विचारायला आलेल्या बाईंनी दाबलं, सातबाराचा अर्ज गेला. आत बेल वाजत नाही म्हणून पुतण्यानं चार-पाच सेकंद दाबूनच धरलं, तेव्हा बंद होण्याचे सोपस्कारही झाले नाहीत, सगळं एकदम गुडुप. तात्यांनी बटणाखाली पाटी लावली: 'ही बेल नाही.' ती वाचून लोक म्हणायचे, मग काय आहे? आणि दाबून बघायचे.

शेवटी पुतण्यानंच हात टेकले आणि दिवाळीत लॅपटॉप आणून दिला. पडदा, कीबोर्ड, डबा सगळं एकात. मांडीवर घ्या, ओटीवर बसा, पाऊस आला की उचलून आत जा. तात्यांनी तो उलटसुलट फिरवून पाहिला, कडेच्या खाचा मोजल्या आणि माजघरातल्या फळीवर नेऊन ठेवला. ओटीवरचा पडदा आता त्यालाच जोडलाय. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, म्हणून फटीत कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा खोचलाय. झोपू नकोस असं सांगायची सोय लॅपटॉपच्या आतच असते, हे पुतण्यानं दोनदा सांगितलं. पण चिमट्याला दोरी बांधून ती ओटीपर्यंत आणता येईल का, याच्या मापात तात्या सध्या आहेत, आणि काकू दोरीवरचे उरलेले चिमटे मोजून कनवटीला लावतायत.